सहलीच्या पानावर एसटीची वेळही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत जोडप्यांनी शनिवार-रविवार कुठे घालवावा यावर पानभर मजकूर आला होता. तो मी दोनदा वाचला. त्यातली बहुतेक ठिकाणे घरची चारचाकी असेल तरच गाठता येतील अशी होती, आणि एका रात्रीच्या मुक्कामाचा खर्च आमच्या महिन्याच्या किराण्याहून जास्त होता. घरात आम्ही दोघेच आहोत आणि दर रविवारी बाहेर पडतो. म्हणून लिहावेसे वाटले.

मी साताऱ्यात घरी ब्लाउज शिवते. आमचे हे कारखान्यातून निवृत्त झाले. ह्यांची नोकरी शिफ्टची. सुट्टीचा दिवस झोपेत, दळणात आणि किराण्यात जायचा. लग्नकार्ये, दवाखाना आणि एकदा जेजुरी, एवढेच आम्ही दोघे मिळून घराबाहेर गेलेलो. मग १७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धे तिकीट झाले. ह्यांनी ती बातमी मोठ्याने वाचली आणि म्हणाले, "चल, वाईला जाऊन येऊ." पाडव्याच्या आधीचा रविवार होता. शिलाईच्या डब्यातून पैसे घेतले आणि माझे तिकीट मी काढले. तेव्हापासून माझे तिकीट मीच काढते.

वाईला सरदार रास्त्यांनी १७६२ साली बांधलेल्या ढोल्या गणपतीचे दर्शन घेतले आणि मेणवलीला गेलो. नाना फडणवीसांच्या वाड्यामागे कृष्णेचा घाट आहे. तिथल्या छोट्या देवळात मोठी घंटा टांगलेली आहे. चिमाजी अप्पांनी १७३९ साली वसई जिंकली, त्या मोहिमेतून आलेली ती पोर्तुगीज घंटा. माहेरी जाताना वाईवरून मी कितीदा गेले असेन, पण ही घंटा पाहायला वयाची पंचावन्न वर्षे उलटावी लागली. घाटाच्या पायरीवर फडके सोडले, भाकरी खाल्ली, कांदा ह्यांनी बुक्कीने फोडला. दोन तास आम्ही तिथे बसून होतो. घरी आम्ही इतका वेळ एका जागी बसून कधी बोललो नव्हतो.

आता शनिवारची संध्याकाळ त्याच तयारीत जाते. ज्वारीच्या भाकऱ्या मी पहाटे करते, पण शेंगदाण्याची चटणी ह्यांची. लसूण सोलण्यापासून खलबत्त्यात कुटण्यापर्यंत दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाहीत. कोरेगावचा वाघ्या घेवडा निघताना भिजत घालतो. संध्याकाळी दमून परतले की तो कुकरला लावायचा, खोबरे भाजून वाटण घालायचे आणि आमटी-भात खाऊन झोपायचे. आमटी ह्यांनी गेल्या वर्षी शिकून घेतली. पहिल्या खेपेला मीठ दोनदा पडले होते, आता माझ्याहून चांगली करतात. परतताना स्टँडजवळून पावशेर कंदी पेढे घेतो, तेवढीच चैन. सज्जनगडावर मात्र डबा नेत नाही, दुपारच्या महाप्रसादाला बसतो. तिथली गव्हाची खीर मला घरी अजून जमलेली नाही.

पण मला सांगायचे आहे ते लिंबच्या विहिरीबद्दल. साताऱ्याजवळ लिंब गावच्या शिवारात बारा मोटांची विहीर आहे. मोट म्हणजे बैलांकडून विहिरीतले पाणी वर ओढायची मोठी चामडी पिशवी. शके १६४१ ते १६४६, म्हणजे इसवी सन १७१९ ते १७२४ या काळात वीरूबाई भोसले यांनी ती बांधून घेतली. वरून पाहिली तर आकार शिवलिंगासारखा, आत दगडी जिना आणि विहिरीच्या पोटातच महाल. बायका-पोरे फोटो काढत होती. आमचे हे मात्र वर मोटांच्या जागेशी जाऊन उभे राहिले आणि बोलायला लागले. त्यांच्या आजोबांची मोट होती. बैल उताराच्या धावेवरून खाली गेले की भरलेली मोट वर येते, सोंदूर, म्हणजे मोटेच्या सोंडेची दोरी, ओढला की पाणी थारोळ्यात, म्हणजे विहिरीच्या काठच्या कुंडीत, पडते आणि तिथून पाटाला लागते. मोट ओढायचा जाड दोर, म्हणजे नाडा, तुटला तर काय होते, बैलांना उलट पावली मागे सरायला कसे शिकवतात, आजोबा मोटेवर गाणी कशी म्हणत, सगळे सांगितले. आठ वर्षांचे असताना नाड्यावर बसल्याबद्दल मार खाल्ला होता, तेही सांगितले. मग हळू आवाजात एक गाणेही म्हटले. संसाराची इतकी वर्षे झाली, पण ह्यांना गाणे येते हे मला त्या दिवशी कळले. बारा जागी बैलजोड्या एकदम चालत असतील तेव्हा केवढा आवाज होत असेल, असे हे दोनदा म्हणाले. येताना एसटीत खिडकीशी बसून मी डोळे पुसले. दुःखाने नव्हे.

संपादक महाशय, अशा रविवारांना पैसा फार लागत नाही, माहिती लागते. ती सहजी मिळत नाही. एका फाट्यावर आम्ही मेच्या उन्हात दीड तास उभे होतो, कारण परतीची गाडी किती वाजता येते हे सांगणारे कोणी नव्हते आणि सावलीला झाडही नव्हते. एका ठिकाणी महिलांच्या स्वच्छतागृहाला कुलूप होते. किल्ली कोणाकडे, हे विचारायची मला लाज वाटली. त्या दिवसापासून मी निघण्याआधी पाणी कमी पिते. हे चुकीचे आहे हे मला कळते. पण माझ्या ओळखीतल्या चार जणी याच एका कारणाने नवऱ्याबरोबर कुठे जात नाहीत. त्या कोणाला हे सांगत नाहीत, गुडघे दुखतात म्हणून सांगतात.

म्हणून विनंती अशी की सहलीच्या पानावर प्रत्येक ठिकाणाखाली तीन-चार ओळी द्याव्यात. जवळच्या स्टँडवरून कोणती एसटी जाते, फाट्यावर उतरून किती चालावे लागते, परतीची शेवटची गाडी कधीची, प्यायचे पाणी कुठे आहे आणि महिलांचे स्वच्छतागृह उघडे असते की नाही. हे शेवटचे तर न चुकता छापावे. आपल्या वार्ताहराने जाऊन पाहिले आणि कुलूप असेल तर 'कुलूप आहे' असेच छापावे. छापून आले तर उघडेल, अशी मला आशा आहे. आमच्या वहीत आजवरच्या फेऱ्यांच्या गाड्यांच्या वेळा टिपलेल्या आहेत. उपयोग होणार असेल तर उतरवून पाठवीन.

या वर्षी ह्यांना ६५ पूर्ण होत आहेत. मग ह्यांचेही तिकीट अर्धे होईल. त्याच्या पुढच्या रविवारी मेणवलीला पुन्हा जायचे ठरले आहे.

आपली नम्र,
एक वाचक, सातारा