हिरव्या चहाचा डबा पोचला

हर्णै, गुरुवार

प्रिय बाळ्या,

डबा पोचला. आयेने पातेल्यात दूध, साखर, आलं आणि परसातल्या गवती चहाची दोन पाती टाकून तुझा ग्रीन टी खळखळून उकळला. एक घोट घेतला नि म्हणाली, "ह्यापरीस शेवाळाचं पाणी बरं!" तिचा समज, शहरात गवती चहालाच ग्रीन टी म्हणतात. झाड आपल्या काळ्या पावडरीचंच, फक्त पानं काळी पडायच्या आत तापवतात, हे तिला काही पटलं नाही.

आता तुझा तो मेसेज, 'चहाने फिट कायमची बंद'. वाचून पोटात गोळाच आला रे. दोन वर्षं फिट आली नाही म्हणून गेल्या शिमग्यात मी आपल्या मनानेच गोळ्या सोडल्या होत्या. पालखी नाचत असताना आडवा झालो. शुद्धीवर आलो तर नाकाशी कुणाची तरी चप्पल आणि दातांत चमचा. पुढचा दात पडला तो त्या चमच्याने. नुसतं कुशीवर वळवलं असतं, तरी पुरे होतं.

चहात काहीच नाही असं मी म्हणत नाही. त्यातलं ईजीसीजी नावाचं द्रव्य देऊन उंदरांवर प्रयोग झालेत, आणि औषध टोचून आणलेल्या फिट्स त्याने उशिरा आल्या. पण ते पोटातून रक्तात फार थोडं उतरतं. चहातल्याच थिॲनिन नावाच्या द्रव्याची गंमत त्याहून मोठी. हे जपानी लोकांनी १९४९ साली चहातच शोधून काढलं. २०१३च्या एका प्रयोगात ते पाजलेल्या उंदरांना मेंदूच्या एका भागातून उठणारी फिट सहजी येईना, पण सगळ्या मेंदूत एकदम पसरणारी उलट लवकर यायला लागली. माझी कुठली? दुसरी! शिवाय चहात कॅफिन असतं. मेंदूला शांत ठेवणारं ॲडेनोसिन नावाचं रसायन असतं, त्याच्या जागा ते अडवून बसतं. माणसांची फिट चहाने थांबते, हे अजून कुणी दाखवून दिलेलं नाही.

चहाच्या अर्काच्या कॅप्सूल मात्र पाठवू नकोस. दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा जास्त ईजीसीजी गोळ्यांतून घेतलं तर यकृताला त्रास होऊ शकतो, असं युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ साली सांगितलंय. माझी फिटवरची व्हॅल्प्रोएटची गोळी आधीच यकृताकडे बघायला लावते. डॉक्टर त्यासाठी रक्त तपासून घेतात. त्यांना डबा दाखवला. सकाळी एक कप प्यायला हरकत नाही म्हणाले, रात्री नको, कारण जागरण झालं की माझं गणित बिघडतं.

तर सकाळी पितो, दुधाशिवाय. कडू लागतो, पण तू पाठवलायस.

मे महिन्यात ये. मासळीचा लिलाव बघू, आये सुरमई तळेल. पोहायला तू जा, मी पुळणीवर बसून तुझे कपडे सांभाळतो.

तुझा,
दाद्या