पाणी कुठवर आलंय?

नाशिक,
श्रावणातला गुरुवार

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र येऊन महिना झाला. उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. नानांची चौकशी केली होतीस. जेवतात, झोपतात, पण विसरणं फार वाढलंय. सराफ बाजाराजवळचा वाडा सोडून आम्ही इंदिरानगरला फ्लॅटमध्ये आलो, हेच त्यांच्या मनातून पुसलं गेलंय. पाऊस लागला की खिडकीशी बसतात आणि विचारतात, "गंगेला पाणी किती आलं रे? मारुतीच्या कुठवर?"

गोदावरीला आपण गंगाच म्हणतो; तिच्या घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्याला पाणी, कमरेला पाणी, हे आपलं पुराचं माप तुला काय सांगायचं. गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडले ते आता मोबाइलवर कळतं, तरी घाटावरची माणसं आधी मारुतीकडेच बघतात. १९६९चा महापूर आला तेव्हा नाना ऐन तारुण्यात होते. आजीला पाठुंगळी घेऊन माळ्यावर चढले होते. बाकी सगळं विसरले, ती धास्ती तेवढी राहिली.

पण एकच प्रश्न दिवसातून वीस वेळा, मित्रा. आधी मी नीट सांगायचो, मग तुटक, मग नुसतं "हं". गेल्या महिन्यात ऑफिसचा फोन चालू असताना त्यांनी विचारलं आणि मी ओरडलो, "नाना, दहा वेळा सांगितलं ना!" ते गप्प झाले. धोतराचा सोगा बोटांभोवती गुंडाळत बसून राहिले, चुकून परक्याच्या घरात शिरल्यासारखे. ते हात अजून माझ्या डोळ्यांसमोरून जात नाहीत.

चिमी तिथेच चित्र रंगवत होती. तिसरीत आहे आता. म्हणाली, "बाबा, तू दहा वेळा सांगितलंस. आजोबांनी एकदाच विचारलंय." आवाजात राग नव्हता. वर्गात शेजारणीचं गणित चुकलं तर सांगेल, तसं सांगितलं. मग उठून नानांजवळ गेली. "आजोबा, मला माहीत नाही. उद्या बघून येते."

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर हट्टच धरला. बुधवार होता, घाटावर बाजार भरलेला. भाज्यांच्या ढिगांमधून, चिखलातून मला ओढत ती मारुतीसमोर जाऊन उभी राहिली. बराच वेळ बघत होती. घरी आल्यावर चपला न काढता आत धावली. "आजोबा, फक्त घोट्यापर्यंत! आणि चहासारखं गढूळ आहे."

"मग सामान वर न्यायला नको," नाना म्हणाले.

"नको."

अर्ध्या तासाने पुन्हा तोच प्रश्न. तिने पुन्हा सांगितलं, तेवढ्याच उत्साहाने. या वेळी मेथीवाल्या आजीची हकीकत जोडली. त्यापुढच्या वेळी दोरीला लोहचुंबक बांधून रामकुंडातली नाणी काढणाऱ्या पोरांची. ते ऐकून नाना एकदम हसले. "चुंबक कसला? आम्ही बुडी मारायचो. एकदा मला चांदीचा रुपया सापडला होता. आईला सांगितलाच नाही."

मी दारात उभा होतो. पंचेचाळीस वर्षांत ही गोष्ट मी ऐकलेली नव्हती. कधी विचारलीच नव्हती रे.

आता मीही तसं करू बघतो. चिमीइतकं जमत नाही. काल सातव्या वेळी आवाज चढलाच, मग त्यांच्या शेजारी जाऊन बसलो आणि विचारलं, त्या रुपयाचं काय केलंत? दर वेळी वेगळं सांगतात. कधी जिलबी, कधी पतंग.

गणपतीत येणार म्हणतोस, ये नक्की. वहिनींना घेऊन ये. नाना तुला ओळखतील की नाही, माहीत नाही, पण पाणी कुठवर आलंय ते विचारतीलच. येताना घाटावरून ये.

तुझाच,
बंड्या