आजीची वही चुकीची कशी?

महोदय,

शालेय इतिहास प्रकल्पांत मुलं आळशीपणा करतात, असं म्हणणारा कालच्या अंकातला लेख वाचला. मुलं दुकानातून तयार चित्रं आणतात, नेटवरून मजकूर उतरवतात, हे खोटं नाही. पण जे मूल खरोखर शोधायला बसतं त्याच्या प्रकल्पावर लाल शाईने काय लिहिलं जातं, तेही कुणीतरी छापा.

माझी नात नववीत आहे. तिने १९८२ चा गिरणी संप हा विषय घेतला. मी त्या संपातला, साचेखात्यातला, म्हणजे कापड विणणाऱ्या मागांवरचा कामगार. मी तिला सगळं सांगितलं : १८ जानेवारी, संपाचे नेते दत्ता सामंत, अडीच लाख कामगार, पगारवाढ, बोनस आणि मुंबई औद्योगिक संबंध कायदा रद्द करण्याची मागणी. तिने लिहून घेतलं आणि म्हणाली, "आजोबा, हे सगळ्यांना माहीत आहे. मला प्रश्न हवाय." आठवडाभर काही ठरेना. मग एका रात्री जेवताना तिने आजीला विचारलं, "पगार बंद झाल्यावर तुझ्या खानावळीतल्या लोकांनी पैसे दिले का गं?" तोच प्रश्न ठरला.

लालबागच्या आमच्या एका खोलीत हिची खानावळ होती. तिन्ही पाळ्यांचे मिळून अकरा गडी जेवायचे. हिशेब पगार झाल्यावर, वाण्याची उधारी मात्र आमच्या नावावर. अशा बायका गिरणगावात चाळीचाळीत होत्या. सावकाराच्या व्याजातून सुटून त्यांना बँकेचं कर्ज मिळावं म्हणून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. मी इतकी वर्षं संपाच्या गोष्टी सांगतो, त्यात या बायकांचं नाव कधी घेतलं नव्हतं.

नात तीन दुपारी आजीजवळ बसली. ट्रंकेतली हिशेबाची वही काढली. आजी म्हणाली, "होळीपर्यंत चालवली, मग बंद केली." वहीत तर गणपतीपर्यंतच्या नोंदी निघाल्या! होळीनंतर चार जणांच्या नावापुढे रक्कम नाही, नुसत्या भाकऱ्यांच्या रेघा. नातीने आजीला खोटं पाडलं नाही आणि वहीही लपवली नाही. दोन्ही लिहिलं. खाली लिहिलं की पैसे येणं होळीला थांबलं, म्हणून आजीच्या लेखी खानावळ तेव्हाच बंद झाली. नंतर जे वाढलं ते ती खानावळीत धरत नसावी. मी तेव्हा कोकणात गावी शेतावर गेलो होतो. आपल्या घरी चार माणसं गणपतीपर्यंत जेवत होती, हे मला नातीच्या प्रकल्पातून कळलं.

शाळेने वीसपैकी नऊ गुण दिले. शेरा असा : "माहिती परस्परविरोधी. एकच तारीख लिहावी. संदर्भ पुस्तकातील हवा. चित्रे नाहीत."

मी बाईंना भेटलो. त्या सौजन्याने बोलल्या. वर्गात सत्तर मुलं, सगळ्यांचे प्रकल्प तपासायचे, त्यांची अडचण मला समजते. पण मी सोबत नेलेली वही त्यांनी उघडूनसुद्धा पाहिली नाही. संपावर पुस्तक लिहिणारा माणूसही कुणाच्या तरी खोलीत जाऊन अशीच वही मागतो ना? आठवण आणि नोंद जुळत नाही तिथे पोरगी थांबली, का जुळत नाही ते तिने शोधलं, आणि नेमके त्याचेच गुण कापले. पुढच्या वर्षी तीही चित्रं विकत आणेल, मग तुमचा लेखक तिलाही आळशी म्हणेल.

एक तक्रार आपल्याबद्दलही आहे. लेखासोबतच्या मोर्चाच्या फोटोखाली फक्त 'गिरणी संप, संग्रहित छायाचित्र' एवढंच आहे. कुठला मोर्चा, कोणत्या महिन्यातला, कुणी टिपला? काल संध्याकाळी नातीने भिंग घेऊन फलक वाचायचा प्रयत्न केला, एकही अक्षर लागलं नाही. मुलांनी संदर्भ द्यावेत असं त्याच पानावर लिहिलं आहे, म्हणून हे जास्त खटकलं. मूळ फोटोच्या मागे तारीख असेल तर कृपया छापावी. ती प्रकल्प पुन्हा लिहिते आहे, आणि फोटो होळीआधीचा की नंतरचा, एवढं तिला हवं आहे.

आपला,
एक माजी गिरणी कामगार, लालबाग, मुंबई