शिरीषकुमारांच्या झेंड्यावर चक्र नव्हे, चरखा होता

मा. संपादक,
स. न.

९ सप्टेंबर जवळ आला की नंदुरबार-शहाद्याकडच्या शाळांत १९४२च्या गोळीबाराचा नंदुरबारच्या माणिक चौकातला प्रसंग बसवायला घेतात. गांधी टोप्या, पोलिसांच्या लाकडी बंदुका, ‘नहीं नमशे, नहीं नमशे, निशाण भूमी भारतनुं’ ही गुजराती घोषणा, सगळे जमून येते. चुकतो तो नेमका झेंडाच. शिरीषकुमार झालेल्या मुलाच्या हाती दुकानातून आणलेला आजचा तिरंगा असतो, मधोमध अशोकचक्र असलेला. चित्ररथांवर आणि फ्लेक्सवरही बहुतेकदा तेच दिसते. हे चक्र राष्ट्रध्वजावर आले २२ जुलै १९४७ रोजी. त्याच्या पाच वर्षे आधी, ९ सप्टेंबर १९४२ला शिरीषकुमार मेहता, लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्यामदास शहा ज्या निशाणाखाली गोळ्यांना सामोरे गेले, त्यावर चरखा होता. घोषणेतले ‘निशाण’ ते हेच.

शिक्षकांनी दोन तारखा लक्षात ठेवल्या तरी निम्म्या चुका टळतील: ऑगस्ट १९३१ आणि २२ जुलै १९४७. दुसरी बहुतेकांना माहीत असते. पहिली फारशी कोणाला नसते, आणि खरी गफलत तिथेच होते.

काँग्रेसच्या १९२१च्या बेझवाडा (आजचे विजयवाडा) बैठकीच्या वेळी पिंगली वेंकय्यांनी लाल-हिरव्या झेंड्याचा आराखडा गांधीजींना दाखवला. चरख्याची कल्पना जालंधरच्या लाला हंसराजांची. पांढरा पट्टा गांधीजींनी घालायला लावला. त्यातून जो झेंडा रूढ झाला त्यात वर पांढरा, मधे हिरवा, खाली लाल असे पट्टे होते आणि तिन्ही पट्ट्यांवर पसरलेला मोठा चरखा होता. केशरी रंग त्यात नव्हताच. १९२३चा नागपूरचा झेंडा सत्याग्रह, १९३०ची दांडीयात्रा, त्याच वर्षीचे जंगल सत्याग्रह हे सगळे या झेंड्याच्या काळातले. त्यामुळे दांडीच्या देखाव्यात केशरी-पांढरा-हिरवा झेंडा दिला, तर त्यावर चरखा काढूनही चूक राहतेच. वेंकय्यांनी आजचा ध्वज जसाच्या तसा रेखाटला, हे वाक्य भाषणांत दर वर्षी ऐकू येते. त्यांचे श्रेय मोठे आहे, पण ते १९२१च्या आराखड्याचे.

रंग का बदलले? लाल म्हणजे हिंदू, हिरवा म्हणजे मुसलमान, पांढरा म्हणजे बाकी सगळे, असा अर्थ सुरुवातीला सांगितला जाई. मग शिखांनी आपलाही रंग मागितला. रंगांची अशी वाटणी सुरू झाली की तिला शेवट नसतो. म्हणून एप्रिल १९३१मध्ये काँग्रेसने सात जणांची समिती नेमली: वल्लभभाई पटेल, जवाहरलाल नेहरू, मौलाना आझाद, मास्टर तारासिंग, काका कालेलकर, डॉ. ना. सु. हर्डीकर आणि पट्टाभी सीतारामय्या. समितीने सुचवला एकरंगी केशरी झेंडा, त्यावर चरखा. मुंबईत ऑगस्टमध्ये भरलेल्या काँग्रेस महासमितीने तो नाकारला आणि केशरी, पांढरा, हिरवा हा क्रम ठरवला. पांढऱ्या पट्ट्याच्या मधोमध गडद निळा चरखा, आणि रंगांना कोणत्याही जमातीचा अर्थ नाही, असेही स्पष्ट केले. केशरी त्याग-धैर्याचा, पांढरा शांती-सत्याचा, हिरवा श्रद्धा-शौर्याचा. हा झेंडा पुढे सोळा वर्षे चालला.

आपल्या भागाचा मोठा इतिहास याच सोळा वर्षांतला आहे. डिसेंबर १९३६मध्ये यावल तालुक्यातल्या फैजपूरला काँग्रेसचे पन्नासावे अधिवेशन झाले. खेडेगावात भरलेले ते पहिलेच; अध्यक्ष नेहरू, आणि बांबू-चटयांच्या तिलकनगरची सजावट नंदलाल बोस यांची. तिथे चढला तो चरख्याचाच झेंडा. तो चढताना अर्ध्यावर अडकला आणि शिरपूरकडच्या एका तरुणाने खांबावर चढून सोडवला, असे खानदेशात सांगतात. झेंडा अर्ध्यावर अडकण्याची कारणे आजही तीच असतात. एकतर दोरी कप्पीच्या खाचेतून निसटून चाक आणि कडी यांच्या फटीत शिरते, नाहीतर गाठ खाचेपेक्षा जाड असते. पावसाळ्यात सुती दोरी फुगते हे तिसरे कारण. आदल्या दिवशी त्याच दोरीने, त्याच कापडासह एकदा वर-खाली करून पाहिले की तिन्ही कळतात.

आता चरख्याचा झेंडा तयार कसा करायचा ते. बाजारात तो सहसा मिळत नाही, म्हणून शाळा चक्राचा उचलतात. हातात धरायला ९०० बाय ६०० मिलिमीटरचा पुरतो. प्रत्येक पट्टा शिवून झाल्यावर २०० मिलिमीटर यायला हवा. इथे घोटाळा होतो, कारण तिन्ही पट्टे २००-२००चेच कापले जातात. मधल्या पट्ट्याला दोन्हीकडून शिवण लागते. १० मिलिमीटरची माया धरली तर शिवल्यावर तो १८०च उरतो. म्हणून पांढरा २२० कापावा. केशरी आणि हिरवा प्रत्येकी २३०, म्हणजे शिवणीला १० आणि बाहेरच्या काठाच्या दुमडीला २०. लांबी ९३०, मोकळ्या टोकाला दुमड २० आणि नेफ्यात (काठी घालायच्या पट्टीत) १०. नेफा वेगळ्या जाड पांढऱ्या कापडाचा लावावा. कापड खादीचे असले तर उत्तम. ते आटते, म्हणून कापण्याआधी एकदा भिजवून वाळवून घ्यावे.

चरखा पांढऱ्या पट्ट्यात राहील इतपत, १७० मिलिमीटर उंचीच्या आत काढावा. त्याचे मोठे चाक काठीच्या बाजूला आणि चाती (सूत गुंडाळणारी सळई) मोकळ्या टोकाकडे हवी. पुठ्ठ्याचा छाप कापून समोरून रंगवला, मग झेंडा उलटून तोच छाप तसाच ठेवून मागून रंगवला, की मागचे चाक टोकाकडे जाते. शिवाय उन्हात धरल्यावर दोन्ही चरखे एकमेकांत मिसळून नुसता गिचमिडा दिसतो. मागच्या बाजूला छाप पालथा घालावा लागतो, म्हणजे दोन्ही आकृत्या बरोबर एकमेकींवर बसतात. चाक दोन्हीकडून काठीशीच राहते, पण मागचा चरखा समोरच्याच्या उलट दिशेचा दिसतो.

पुठ्ठ्याच्या छापाशी होणारी हीच झटापट घटना समितीतही बोलली गेली. २२ जुलै १९४७ला ठराव मांडताना नेहरूंनी ही व्यावहारिक अडचण सांगितली होती: चरख्याच्या एका बाजूला चाक, दुसऱ्या बाजूला चाती, आणि झेंडा उलट बाजूने पाहिला की सगळे फिरते. म्हणून चरख्याचे चाक तेवढे ठेवले आणि त्याला सारनाथच्या सिंहस्तंभावरच्या चक्राचे रूप दिले. चक्र कोणत्याही बाजूने सारखेच. चरखा टाकून दिला असे नव्हे, त्याचा अर्धा भाग ठेवला. वर्गात हे छाप पालथा-उलथा करून दाखवले तर मुलांना वेगळे पाठांतर लागणार नाही.

ज्यांना १५ ऑगस्ट १९४७चा देखावा करायचा आहे त्यांना चक्रच लागेल. आपल्याकडचे भारतीय मानक क्रमांक १ हे राष्ट्रध्वजाचेच, १९५१चे. त्याप्रमाणे ९०० बाय ६००च्या ध्वजावर चक्राचा व्यास १८५ मिलिमीटर असतो. १३५० बाय ९००वर २८०, ४५० बाय ३००वर ९०. पांढरा पट्टा १८०चा उरला की १८५चे चक्र रंगीत पट्ट्यांवर चढते, हे वरच्या हिशेबावरून कळेलच. आरे २४. मुले अंदाजाने काढतात आणि १६ किंवा २० होतात. कंपासने वर्तुळ काढावे, तेवढ्याच उघडीने परिघावर सहा खुणा कराव्यात, प्रत्येक दोन खुणांमधले अंतर दुभागून बारा आणि पुन्हा दुभागून चोवीस. कोनमापकसुद्धा लागत नाही.

१९०६-०७च्या झेंड्यांबाबत मात्र शालेय तक्त्यांवर विसंबू नये. मादाम कामांनी २२ ऑगस्ट १९०७ला स्टुटगार्टला फडकवलेल्या झेंड्याची दोन वर्णने फिरत असतात. एकात आठ कमळे, दुसऱ्यात एक कमळ आणि सप्तर्षींचे सात तारे. त्या काळचा झेंडा पुण्यात केसरीवाड्यात जतन केलेला आहे. कापड फाडण्याआधी तो पाहावा.

१९४२च्या देखाव्यात सरकारी इमारत दाखवली की तिच्यावर ब्रिटिशांचा युनियन जॅक येतो, आणि तो बहुधा उलटा लावलेला असतो. काठीकडच्या अर्ध्या भागात तिरक्या पट्ट्याची रुंद पांढरी बाजू लाल रेघेच्या वर हवी. शत्रूचा झेंडा असला तरी इतिहास म्हणून तो सरळच दाखवावा!

जळगाव जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरच्या शाळांसाठी आणखी एक. १५ ऑगस्ट १९४७ला जळगाव-पाचोऱ्यात तिरंगा चढला, पण फर्दापूर, सोयगाव, सिल्लोड ही गावे निजामाच्या राज्यात होती. तिथे पिवळ्या कापडावर मधोमध गोल ‘कुलचा’ (रोटीचे चिन्ह) असलेला आसफजाही झेंडाच राज्याचा होता, तो सप्टेंबर १९४८च्या पोलीस कारवाईपर्यंत. अजिंठ्याच्या पायथ्याशी ‘पहिला स्वातंत्र्यदिन’ रंगवताना हे तेरा महिने गाळता येत नाहीत.

राज्यांच्या झेंड्यांची चर्चा अधूनमधून निघते, तिच्याबद्दल थोडक्यात. महाराष्ट्राला वेगळा अधिकृत झेंडा नाही. जम्मू-काश्मीरला होता, १९५२पासूनचा, लाल कापडावर पांढरा नांगर आणि तीन उभ्या रेघा. २०१९मध्ये त्याचे स्थान संपले. कर्नाटक सरकारने २०१८मध्ये पिवळा-पांढरा-लाल झेंडा पुढे केला, त्याला केंद्राची मंजुरी मिळाली नाही. भगवा झेंडा मराठ्यांच्या इतिहासाचा आहे, राज्य सरकारचा नव्हे.

नियमांचेही भान हवे. २००२च्या ध्वजसंहितेप्रमाणे राष्ट्रध्वज झालर, तोरण किंवा सजावट म्हणून वापरता येत नाही. ट्रॉलीभोवती चक्रासह तिरंगी कापड गुंडाळलेला चित्ररथ त्यातच मोडतो. ध्वज जमिनीला टेकू द्यायचा नाही आणि त्यावर शाळेचे नावही लिहायचे नाही. डिसेंबर २०२१च्या दुरुस्तीनंतर पॉलिएस्टर आणि यंत्रावर विणलेले कापड चालते, बाकीची बंधने तशीच आहेत. गोळीबाराच्या प्रसंगात शिरीषकुमार पडतो तेव्हा झेंडाही रंगमंचावर पडतो. तो पडण्याआधी शेजारच्या मुलाने हाती घ्यावा, अशी हालचाल तालमीतच बसवावी. चरख्याचा झेंडा आज कायद्याने राष्ट्रध्वज नसला तरी त्यालाही हेच लागू करावे. मात्र तो शाळेच्या ध्वजस्तंभावर चढवू नये. त्याची जागा मिरवणूक आणि रंगमंच.

वृत्तपत्रांतली चित्रे कापून शाळेच्या फलकावर लागतात, म्हणून आपल्यालाही विनंती. ९ सप्टेंबरच्या अंकासाठी चित्र काढून घ्याल तेव्हा चित्रकाराला सांगावे: वर केशरी, मधल्या पांढऱ्या पट्ट्यात गडद निळा चरखा, चाक काठीकडे.

आपला,
इतिहासाचा एक शिक्षक, शहादा