झाकलेली फांदी

आदरणीय सर,

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. सांगलीकडच्या शाळेत चित्रकला शिकवायचात आणि सध्या लंडनला लेकीकडे आलाय, एवढंच कळलं. म्हणून हे पत्र असं उघड्यावर लिहितेय. कुणी ओळखीचं वाचेल, तुमच्यापर्यंत पोचवेल.

मी म्हणजे कोर्टोल्ड गॅलरीत सगळ्यात वरच्या मजल्यावर भेटलेली, इरकलीवर भाच्याचं जाडजूड जाकीट चढवलेली बाई. भाचा घाईत होता. "मावशी, तो कानाला पट्टी बांधलेला व्हॅन गॉग बघ, फोटो काढतो, की निघू." गर्दी सगळी त्या कानापाशीच. तुम्ही मात्र सेझान या फ्रेंच चित्रकाराच्या झाडाच्या चित्रासमोर हात मागे बांधून उभे होतात. मी शेजारी येऊन भाच्याला म्हणाले, "यात काय बघायचं ते काही मला कळत नाही बाई." हे मी मराठीत बोलले, हे माझं नशीब.

सर, हा प्रश्न मी पहिल्यांदा विचारला नव्हता. एलिमेंटरीच्या तयारीत स्मरणचित्रात मी आंब्याच्या पानांत निळा घातला होता. बाईंनी कागद वर्गापुढे धरून विचारलं, "हा आंबा कुठल्या देशातला?" पन्नास वर्षं झाली, ते हसू अजून ऐकू येतं. निवृत्तीनंतर हौसेनं एका रसग्रहण वर्गाला नाव घातलं. तिथे 'उत्तर-दृक्प्रत्ययवाद' (म्हणजे पोस्ट-इम्प्रेशनिझम) हा शब्द वहीत नीट उतरवून घेतला आणि पडद्यावर चित्रं लोकलच्या स्टेशनांसारखी सरकत गेली. हात वर करून विचारलं, या झाडात नेमकं बघायचं काय? व्याख्याते म्हणाले, "ते आतून जाणवावं लागतं." पुन्हा हसू. माझ्या आत काहीच नसावं, अशी समजूत करून घेऊन मी घरी आले.

तुम्ही तसलं काही बोलला नाहीत. खिशातून गॅलरीचा नकाशा काढलात, त्याची लांबट घडी केलीत आणि माझ्या हातात दिलीत. "एक डोळा मिटा. हात लांब करा. वरची फांदी झाका. हं, आता डोंगर बघा."

बघितला. सँत-व्हिक्त्वार डोंगर दूर, खाली शेतांचे हिरवे-पिवळट तुकडे, उजवीकडे रेल्वेच्या पुलाच्या कमानी. छान होतं, कॅलेंडरवर असतं तसं. आभाळ नुसतंच रिकामं.

"आता कागद काढा."

सर, डोंगर पुढे आला. खरंच आला. डावीकडच्या खोडापासून निघालेली फांदी डोंगराच्या उतारासारखीच वळत, त्याच्या पाठीवरून हात फिरवल्यासारखी पलीकडे जाते. झाड हाताशी, डोंगर कितीतरी कोस लांब, तरी दोघं एकाच कापडात विणल्यासारखे. आणि पानांच्या हिरव्यात निळा होता! डोंगराचाच निळा, इकडे झाडात आलेला. मी चारदा कागद लावला, चारदा काढला. तुम्ही एकदाही "कळलं का?" विचारलं नाहीत. दोन पावलं मागे सरकून गप्प उभे राहिलात. रखवालदाराने आपल्याकडे बघितलं, तेव्हा त्याला मान डोलावून हसलात. भाच्याने घड्याळ बघितलं, तर त्यालाही खुणेनंच थांबवलंत.

मग बाकावर बसल्यावर सांगितलंत ती गोष्ट मी इथे आल्यावर तिघींना तरी सांगितली. 1887 च्या सुमाराचं हे चित्र 1895 मध्ये सेझानच्या गावी, फ्रान्समधल्या एक्समध्ये, हौशी चित्रकारांच्या प्रदर्शनात लागलं, तेव्हा गावकऱ्यांना त्यात काहीच दिसलं नाही. झोआशिम गास्के नावाच्या तरुण कवीला तेवढं आवडलं. सेझानच्या बालमित्राचाच तो मुलगा. सेझान तेव्हा साठीकडे झुकलेला. आपल्या चित्रांवर सही क्वचितच करणारा हा माणूस. त्याने यावर सही केली आणि चित्र त्या पोराला देऊन टाकलं. सही उजव्या कोपऱ्यात आहे, तीही तुम्हीच दाखवलीत. सेझान गेल्यावर गास्केने ते विकलं, हे सांगताना तुम्ही जरा ओशाळलात, जणू तुमच्याच विद्यार्थ्याने विकलं. मला त्याचा राग नाही आला. घरात गरज असेल.

पुष्कळ शिकलेली माणसं मी पाहिली. त्यांच्यापुढे बसलं की आपलं अज्ञान मोठं होत जातं. तुमच्यासारखी कमी भेटतात, ज्यांच्याजवळ उभं राहिलं की आपल्याला डोळे आहेत याची आठवण होते. तुमच्या वर्गात बसलेल्या पोरांचा मला मनापासून हेवा वाटतो. माझ्या निळ्या आंब्याला तुम्ही किती मार्क दिले असते?

परत आल्यापासून माझं एक खूळ चाललंय. आमच्या घराच्या गॅलरीसमोर पर्जन्यवृक्ष आहे, त्यामागे नवी अकरा मजली इमारत. लाइट बिलाची घडी करून मी फांदी झाकते नि उघडते. इमारत काही पुढे येत नाही. पण संध्याकाळी त्या पानांत निळा असतो, ते आता दिसतं.

निघताना खालच्या दुकानातून त्या चित्राची दोन पोस्टकार्डं घेतली. एक तुमच्यासाठी जपून ठेवलंय. त्यावर नकाशाची घडी लागत नाही, फांदी झाकायला अंगठा पुरतो.

तुमची,
जाकीटवाली बाई, पुणे