खिसा नुसता झाकणाचा

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत वेब मालिकांमधल्या 'डॅशिंग' महिला पोलीस अधिकाऱ्यांचं पानभर कौतुक आलं होतं. लेख मी नंतर वाचला, आधी फोटोच पाहत बसले. सव्वीस वर्षं झाली, मी धुळ्यात देवपुरात गणवेश शिवते. शाळेचे युनिफॉर्म जूनपुरते. वर्षभराचं पोट खाकीवर आणि सिस्टर लोकांच्या पांढऱ्या कपड्यावर चालतं. त्यामुळे फोटोतल्या इन्स्पेक्टर बाईंच्या शर्टाबद्दल चार शब्द लिहिल्याशिवाय राहवेना.

त्या शर्टाला छातीवर दोन खिसे दिसतात. नीट पाहा, ते खिसे नाहीतच. नुसती झाकणं शिवलीत, खाली पिशवी नाही. पिशवी लावली की कापड दुहेरी होतं, मग ते अंगाला चिकटत नाही. पुढून चार टक्स घेतलेत. मुंढा, म्हणजे बाही जोडतात तो काखेचा घेर, इतका आवळलाय की हात कपाळापर्यंत गेला तर शर्ट पँटमधून बाहेर येईल. वरची दोन बटणं उघडी आणि तिसऱ्या-चौथ्याच्या मध्ये फट. या बाई सॅल्यूट कसा मारतात आणि खाली बसून पंचनामा कसा लिहितात, ते त्यांच्या मास्तरलाच ठाऊक. शेजारी उभ्या हवालदाराचा शर्ट मात्र अगदी नियमात, खिशात पेनसुद्धा.

मी सोवळी बाई नाही. अंगाला बसणारा कपडा वाईट, असं तर शिवणाऱ्या बाईने म्हणूच नये. मागच्या वर्षी नुकतीच भरती झालेली एक मुलगी मोबाईलवर असाच एक फोटो घेऊन आली. म्हणाली, "मावशी, आस्सं शिवी दे." (खान्देशाबाहेरच्यांनी दचकू नये, ती 'शिवून दे' म्हणत होती.) मी रागवायच्या बेतात होते, पण तिच्या अंगातला तयार शर्ट पाहिला आणि गप्प बसले. पुरुषाच्या मापाचा. खांदा दंडावर उतरलेला, छातीत ताणलेला, कमरेत पोतं. 800 मीटर धावून, चार किलोचा गोळा फेकून तिने ती खाकी मिळवली होती, आणि आरशात तिला मोठ्या भावाचे कपडे घातलेली मुलगी दिसत होती. तिच्यासारखी बाई खाकीत नीट बसलेली तिने फक्त त्या मालिकेतच पाहिली असेल, तर दुसरा कोणता फोटो आणणार? मी खांदा उतरवून नवा शर्ट कापला, पाठीत प्लेट दिली, कमरेत घेतलं आणि दोन्ही बाजूंना दीड दीड इंच माया, म्हणजे पुढे सैल करायला शिवणीत जादा कापड, ठेवली. खिशाला पिशवी लावली. नोटबुक, पेन आणि शिट्टी मावली पाहिजे. तिने शर्ट घालून, हात वर करून, उकिडवं बसून पाहिलं आणि हसली. फोटोची आठवणही काढली नाही.

पोरगेही येतातच, म्हणा. दंडावर बाही इतकी आवळा म्हणतात की रक्त थांबेल. हिरोचं खूळ. पण हिरोची बाही आवळली की तो ताकदवान दिसतो, म्हणजे निदान कामाच्या उपयोगाचं काहीतरी दिसतं. बाईंची बटणं उघडली की त्यांचा हुद्दा पुसला जातो, एवढा फरक मला दिसतो.

नर्सचं तर आणखी वाईट. लग्नाच्या संगीताचे नाच बसवणाऱ्या एका बाईंनी सहा 'नर्स' शिवायला टाकल्या. मांडीवर संपणारा स्कर्ट, डोक्यावर टोपी, टोपीवर लाल फुली. त्याच वेळी दुकानात एक निवृत्त परिसेविका, म्हणजे वॉर्डच्या मुख्य सिस्टर, बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "या ढंगात पेशंटला चादरीसकट उचलून दाखवा, मी बक्षीस देते." टोपी तर त्यांनी नोकरीतच कधीची सोडली होती. आणि ती लाल फुली रेडक्रॉसची, जिनिव्हा कन्व्हेन्शन्स ॲक्टप्रमाणे 1960 पासून आपल्याकडे परवानगीशिवाय वापरायला बंदी आहे, हेही त्यांनीच सांगितलं. मी फुली लावली नाही. स्कर्ट शिवले, खोटं कशाला बोलू, सीझन होता.

जुलै 2020 मध्ये संरक्षण मंत्रालयाने सेन्सॉर बोर्डाला पत्र लिहिलं होतं. सैन्यावर सिनेमा किंवा वेब मालिका काढायची तर आधी ना हरकत प्रमाणपत्र घ्यायला सांगा, असं. एका मालिकेत लष्करी गणवेशाचा अपमान झाला म्हणून तेव्हा गदारोळ उठला होता. सैन्यामागे मंत्रालय उभं राहिलं, सिस्टरच्या पांढऱ्या कपड्यासाठी कोण पत्र लिहिणार? परवानग्यांचा सोस मलाही नाही. पोलिसावर गोष्ट लिहायला पोलिसाला विचारायचं म्हटलं तर गोष्टच उरायची नाही. मालिकावाल्यांनी निदान गणवेश शिवणाऱ्या एखाद्या कारागिराला दिवसभर सेटवर बसवावं. मे महिन्यात आमच्याकडे पारा 45 ला टेकतो, तेव्हा भर चौकात उभ्या राहणाऱ्या बाईचा शर्ट कुठे सैल लागतो, ते तो सांगेल.

ती मुलगी परवा सारंगखेड्याच्या यात्रेचा बंदोबस्त करून आली. गर्दीत कुणाच्या तरी काठीला अडकून खिशाचं झाकण उसवलं होतं. पिशवी जागच्या जागी, आत नोटबुक. झाकण लावून दिलं, पैसे घेतले नाहीत.

आपली,
एक वाचक, देवपूर, धुळे