वायर काढायच्या आधी हे वाच

अंबाजोगाई,
पोळ्याचा दुसरा दिवस

प्रिय गड्या,

काल तुझा फोन आला तेव्हा मी बैलांच्या शिंगांना हिंगूळ लावत होतो. दोन्ही हात लाल, फोन खांद्यात धरलेला, त्यात पोरांचा गलका. तू म्हणालास, "मिस्त्री म्हणतो मोटारसायकलची ती पायब्रेकची पुढच्या चाकाला जाणारी वायर काढून टाकू, दहा मिनिटांचं काम आहे. काढू का?" मी नुसतं "थांब, लिहितो" म्हणलं आणि फोन ठेवला. तुला राग आला असेल. पण यात दादांचं आहे, आणि ते मी अजून कुणालाच नीट सांगितलेलं नाही. ते फोनवर सांगणं मला जमलं नसतं.

आधी गुडघ्याचं सांग. सूज उतरली का? लोह्याकडच्या त्या आतल्या रस्त्याला तू कसा पडलास ते तू सांगितलंस आणि मला माझंच पडणं आठवलं. अगदी तसंच. आपली काळी माती तुला काय सांगायची. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पाणी लागलं की ती फुगते, चिकटते, लोण्यासारखी होते. ट्रॅक्टर वावरातून निघतो आणि चाकाला धरलेला चिखल डांबरावर सांडत जातो. धो-धो पाऊस परवडला, तो रस्ता धुऊन काढतो. भुरभुर पाऊस वाईट. पातळ साय धरल्यासारखा थर बसतो आणि वरून डांबर काळंच दिसतं.

दोन वर्षांमागे केजच्या रस्त्याला मी असाच चाळीसच्या आतल्या स्पीडला होतो. समोर शेळ्या आल्या. पाय पेडलवर गेला, सवयीप्रमाणे हलकाच दाबला, आणि पुढचं चाक बाजूला गेलं. मागचं चाक घसरलं तर माणूस सावरतो, आपण लहानपणी सायकलवर मुद्दाम घसरवायचो. पुढचं घसरलं की सावरायला वेळच मिळत नाही. मी उठलो ते थेट गॅरेजवर गेलो. म्हणलं, पायाचा ब्रेक पुढच्या चाकाला लागतोच कशाला? काढा ती वायर. त्यांनी काढली. म्हणून तुझा राग मला कळतो. मी तुझ्याच जागी उभा होतो.

आता ही वायर काय करते ते सांगतो, कारण तेव्हा मीसुद्धा ते समजून घेतलं नव्हतं. पेडलच्या मुळाशी एक छोटी पट्टी असते. पेडल दाबलं की मागच्या ड्रमची (चाकाच्या मधोमध असतो तो ब्रेकचा डबा) दांडी ओढली जाते, आणि त्याच वेळी ती पट्टी एक वायर ओढते. ती वायर टाकीखालून, हँडलच्या गळ्याजवळून पुढच्या ड्रमला जाते. आमच्या गाडीत पुढच्या ड्रमच्या आर्मवर दोन वायरी येतात, एक हाताच्या दांडीची आणि एक ही. मध्ये स्प्रिंग आहे. मागचा ब्रेक आधी धरावा आणि पुढचा थोडा उशिरा, थोडाच लागावा, हे त्या स्प्रिंगचं काम. हाताची दांडी दाबली तर मात्र फक्त पुढचाच लागतो.

वायर काढल्यावर चार महिने मी खूश होतो. चिखलात पाय ठेवला की मागचं चाक थोडं हलायचं, पुढचं सरळ राहायचं. मी ज्याला त्याला सांगत होतो. दादांना मात्र सांगितलं नाही. मुद्दाम लपवलं नव्हतं रे, सांगण्यासारखं काही आहे असं वाटलंच नाही. गाडी माझ्या नावावर, पण दुपारनंतर तीच गाडी दादा शेताकडे नेतात, हे तुला माहीत आहेच.

दादांनी राजदूतपासून गाडी चालवली. तुलाही त्यांनीच शिकवली, आपल्या शाळेमागच्या माळावर. आठवतं काय म्हणायचे? "पुढच्या ब्रेकाला हात लावू नगं, उलथून पडशील." आख्ख्या गावाने तशीच गाडी चालवली. हाताची दांडी म्हणजे चढावर गाडी उभी करताना धरायची वस्तू.

पौषातली गोष्ट. ऊसतोड जोरात होती. दादा धनेगावकडून येत होते, अंधार पडत आलेला. रस्त्याच्या कडेला उसाची ट्रॉली पंक्चर होऊन उभी, मागे ना दिवा ना लाल पट्टी. दिसली तेव्हा उशीर झाला होता. दादांनी पायब्रेक दाबला आणि दाबूनच धरला. हसळीचं हाड मोडलं, ओठ फाटला, सहा आठवडे पट्टा बांधून बसावं लागलं. बाकी काही नाही झालं. आईने योगेश्वरीला नवस बोलला होता, तो आम्ही चैत्रात फेडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिथे गेलो. रस्ता कोरडा ठणठणीत होता. डांबरावर एकच काळा पट्टा होता, मागच्या टायरचा, सरळ, ट्रॉलीच्या चाकापर्यंत गेलेला. मी पावलांनी मोजला, बावीस पावलं भरली. पुढच्या टायरची कसलीच खूण नाही. मग गाडी आणायला गेलो तर पाहिलं, उसाच्या वाहतुकीची धूळ सगळ्या गाडीवर बसलेली, एक्सलेटरची मूठ घासून चकचकीत, आणि ब्रेकच्या दांडीवर धुळीचा थर जसाच्या तसा. एकही बोट उमटलं नव्हतं. मी तिथेच खाली बसलो. बावीस पावलं दादा एका चाकाच्या ब्रेकवर आले होते, आणि दुसऱ्या चाकाची वायर मी काढून घरात खुंटीला अडकवून ठेवली होती.

जोर लावून गाडी थांबवली की वजन पुढे झेपावतं. मागचं चाक हलकं होतं, त्याची पकड सुटते. म्हणून कोरड्या रस्त्यावर खरं थांबवणारं चाक पुढचं असतं. जो माणूस आयुष्यभर पुढच्या ब्रेकला हात लावणार नाही, त्याच्यासाठीच ही जोडणी केलेली आहे. दादांसाठीच. केंद्र सरकारने १२५ सीसीपर्यंतच्या गाड्यांना ही जोडणी किंवा एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) सक्तीचं केलं, नव्या मॉडेलना १ एप्रिल २०१८ पासून आणि आधीपासून बाजारात असलेल्यांना १ एप्रिल २०१९ पासून. तेव्हा मला ती उगाच गाडीची किंमत वाढवणारी गोष्ट वाटली होती.

वायर परत बसवताना दुसरी गोष्ट कळली, आणि तुझ्या कामाची तीच आहे. मागचा ड्रम उघडला तर लायनर, म्हणजे ड्रमला आतून घासून चाक धरणाऱ्या पट्ट्या, पार झिजलेले. ड्रमच्या बाहेर एक बाण असतो, ब्रेक पूर्ण दाबल्यावर तो खुणेला टेकला की लायनर संपले असं समजायचं. माझा खुणेच्या पुढे गेलेला होता, कुणी बघितलंच नव्हतं. लायनर झिजले की पेडल खोल जातं. मागचा ब्रेक धरायच्या आधी बराच वेळ पोकळ जातो, पण पुढची वायर मात्र तेवढ्या वेळात ताणली जाते. त्यात मी दोनदा "ब्रेक कडक करा" म्हणून सांगितलं होतं आणि दोन्ही वेळा गॅरेजवाल्याने पुढचाच नट आवळला होता. म्हणजे पेडल दाबलं की आधी पुढचा लागायचा, मग मागचा. उलटा क्रम. केजच्या रस्त्याला मी पडलो तो या उलट्या क्रमाने पडलो. चिखल होताच, पण जोडणीत खोट नव्हती. तिच्याकडे कुणी लक्ष दिलं नव्हतं, मी धरून.

तुझ्या गाडीला किती झाले, तीस हजार किलोमीटर? मागचे लायनर कधी बदलले आठवतं का?

आता मिस्त्रीकडे जायच्या आधी घरी हे कर. गाडी मेन स्टँडवर लाव आणि धाकट्याला मागे बसव, म्हणजे पुढचं चाक उचललं जाईल. पुढचं चाक हाताने फिरव, मोकळं फिरलं पाहिजे. घासत असेल तर वायर जास्त ताणलेली आहे किंवा चिखल-गंजाने आत अडकते आहे. मग धाकट्याला खाली उतरव, मागचं चाक फिरवायला सांग आणि तू पेडल हाताने हळूहळू दाब. पायाने नको, हाताला कळतं. मागचं चाक कुठे धरतं ते लक्षात ठेव. पुन्हा त्याला मागे बसवून पुढच्या चाकाचं तसंच बघ. मागचं आधी धरलं पाहिजे. पुढचं आधी धरत असेल तर तुझ्या गुडघ्याचं कारण तुला सापडलं.

मग नट लावायचे ते मागच्यापासून. लायनर चांगले असतील तर मागच्या दांडीचा नट एवढा आवळ की पेडलला दोन-अडीच सेंटीमीटर ढील राहील. मग हाताच्या दांडीची ढील. आणि ही जोडणीची वायर सगळ्यात शेवटी. हा क्रम चुकवला की पुन्हा तेच होतं. वायरीत वरून तेल सोड, खालून टपकेपर्यंत. ड्रमच्या आतल्या कॅमला ग्रीस बोटाच्या टोकाएवढंच लाव, लायनरला अजिबात लागू देऊ नको. आणि पुढचा टायर गुळगुळीत झाला असेल तर आधी तो बदल. टायर गोटा असला की चिखलात कुठलीच जोडणी वाचवत नाही.

सगळं बसवल्यावर मी आणि भाचा सकाळी सहा वाजता शेताकडच्या सरळ रस्त्याला गेलो. चुन्याची रेघ मारली, काटा ४० वर आणायचा, रेघेवर ब्रेक, आणि वावर मोजायच्या टेपने मोजायचं. वायर सोडून नुसत्या पायब्रेकवर गाडी १८ मीटरला थांबली. वायर जोडून, पाय तेवढाच, १४ ला. पाय आणि हात दोन्ही, ११ ला. तीन-तीन वेळा केलं, अर्ध्या-एक मीटरचाच फरक पडला. दादांच्या त्या पट्ट्यात चार मीटर कमी झाले असते तर काय झालं असतं, हे मी रात्री अंथरुणात अजूनही मोजत असतो.

तू मोठ्या गाड्यांचे व्हिडिओ पाठवलेस. ते लोक खरंच जोडणी सोडवतात. त्यांच्याकडे जोडणी जुनीच आहे. मोटो गुझी या इटालियन कंपनीने १९७५ च्या सुमारास पेडलने मागची आणि पुढची एक डिस्क चालवायला सुरुवात केली. होंडाच्या १९९८ च्या व्हीएफआर या मोटारसायकलमध्ये तर पुढची दांडी दाबली तरी मागचा ब्रेक लागतो. पुढचा कॅलिपर (डिस्कला चिमट्यात धरणारा भाग) चाकासोबत किंचित ओढला जातो, त्या ओढीने एक छोटा मास्टर सिलिंडर (ब्रेकचं तेल ढकलणारा पंप) दाबला जातो आणि तो दाब मागे जातो. फार सुंदर काम आहे ते. पण तिथे सोडवायचं म्हणजे कॅलिपरमधला मधला पिस्टन पेडलकडे जोडलेला असतो त्याचं काय करायचं ते ठरवावं लागतं, नळ्या बदलाव्या लागतात, मास्टर सिलिंडरचं माप जुळवावं लागतं, सगळी हवा काढावी लागते. आणि ती माणसं दोन्ही ब्रेक स्वतः वापरणारी, बोटाने तोलणारी. आपल्याकडे पाना लावून वायर सोडणं आणि ते, यांची तुलना करू नकोस.

कायद्याचंही एकदा सांगून टाकतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत बदल करायला मनाई आहे, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच बजावलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. शिवाय अपघात झाला आणि विमावाल्याने गाडी तपासली तर काढलेली वायर त्याला लगेच दिसेल.

पण मला तुला विचारायचंय ते एवढंच, तुझी गाडी तुझ्याशिवाय कोण चालवतं? धाकटा रोज क्लासला नेतो ना? मागच्या वेळी मी त्याच्या मागे बसलो होतो, सिडकोपासून स्टेशनपर्यंत. पोरगं चांगलं चालवतं, पण उजवा हात एकदाही दांडीवर गेला नाही. तू एकट्याने चालवत असतास, दोन्ही ब्रेकची सवय असती, तरी मी नकोच म्हणालो असतो, पण इतका कळवळून नाही. त्याला आत्ताच हाताचा ब्रेक शिकव. मोकळ्या मैदानात, वीसच्या स्पीडला, चार बोटांनी हळूहळू आवळायला लाव, झटका नको. आणि चिखलात ब्रेकच नको म्हणावं, गिअर खाली घ्यायचा, एक्सलेटर सोडायचा आणि इंजिनवर गाडी उतरू द्यायची.

दादांना मी शेवटी सांगितलं. पट्टा निघाल्यावर, ओट्यावर बसलो होतो तेव्हा. मी वायर काढली होती, तुम्हाला सांगितलं नाही, असं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मला तर ठावच नव्हतं, पायाच्या ब्रेकानं पुढचं चाक बी धरतं म्हणून." मला ओरडले असते तर बरं झालं असतं.

आता ते हाताची दांडी वापरतात. परवा दांडीवर बोटांच्या खुणा दिसल्या.

महालक्ष्म्यांना येतोस ना? गाडीवर येऊ नकोस, एसटीने ये, गुडघा नीट होऊ दे. तुझ्या गाडीच्या मागच्या लायनरचं मॉडेल बघून मला कळव, मी इथून जोडी घेऊन ठेवतो. मग नंतरच्या रविवारी मीच नांदेडला येईन, चौदाचा पाना माझ्याकडे आहे, आपण दोघं मिळून बसवू. तोपर्यंत मिस्त्रीला वायरीला हात लावू देऊ नकोस. दादा विचारत होते, गुडघा मोडला का नुसता सोलला. त्यांना एक फोन कर.

तुझाच,
जुना दोस्त